‘प्रासंगिक’ म्हणजे नेमके काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखाद्या थोर व्यक्तीची जयंती किंवा पुण्यतिथी आली, की ‘त्यांचे विचार आजही प्रासंगिक आहेत’ हे वाक्य हमखास छापून येते. लिहिणाऱ्याला गौरवच करायचा असतो. पण मराठीत त्या वाक्याचा अर्थ जवळजवळ उलटा होतो. अनेक वर्षे मुद्रितशोधन करताना हा शब्द मला अडवत आला, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे प्रासंगिक म्हणजे प्रसंगापुरते, प्रसंगाच्या निमित्ताने आलेले. प्रासंगिक खर्च, प्रासंगिक कविता. दिनविशेषाच्या निमित्ताने लिहिलेल्या मजकुरावर वर्तमानपत्रेही ‘प्रासंगिक’ अशी पट्टी लावतात. म्हणजे वरची पट्टी सांगते, हा मजकूर आजच्या निमित्ताचा आहे. आणि खालचे वाक्य त्याच शब्दाने सांगू पाहते, की हा विचार आपल्या काळाला पुरून उरला. वाचकाने कोणता अर्थ घ्यावा?

संस्कृत नाट्यविचारातही कथावस्तू दोन प्रकारची मानली आहे. मुख्य ती आधिकारिक, तिच्या आधाराने येणारी ती प्रासंगिक. रामाची कथा आधिकारिक, सुग्रीवाची प्रासंगिक. ज्यांना आपण रामाच्या जागी बसवू पाहतो, त्यांना नकळत सुग्रीवाच्या जागी नेऊन ठेवतो.

‘आजही लागू पडणारे’ हा नवा अर्थ हिंदीतून आला. हिंदीत तो रुळला आहे आणि तिथे तो योग्यच आहे. त्याला जुना आधारही सापडतो. एका विषयानंतर दुसरा का मांडला, या दोहोंतील नात्याला न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, संगती म्हणतात. तिच्या सहा प्रकारांतला एक प्रसंग: आठवल्यावर ज्याची उपेक्षा करता येत नाही ते. इतकी नेमकी व्याख्या मला दुसरीकडे मिळालेली नाही. पण हा अर्थ मराठीच्या अंगणात उतरला नाही. मराठीतला प्रसंग ओढवतो, बेततो, निभावून न्यावा लागतो. त्यासाठी प्रसंगावधान लागते. ‘अतिप्रसंग’ पाहा. न्यायशास्त्रात त्याचा अर्थ नियम नको तिथवर पसरणे; मराठीत त्या शब्दाने थेट गुन्हाच डोळ्यांपुढे येतो. तेव्हा मुळात काय होते यापेक्षा इथे लोक काय समजतात, याला वजन द्यायला हवे.

मग म्हणावे काय? सगळीकडे चालेल असा एकच शब्द मराठीत नाही, आणि मला ती उणीव वाटत नाही. बोलणे मुद्द्याला धरून असते, विचार कालसुसंगत असतो, उत्तर समर्पक असते. औषधासारखाच दाखलाही लागू पडतो, न पडला तर गैरलागू ठरतो. भलतेच जोडले तर वडाची साल पिंपळाला लावली म्हणतो. यातल्या बहुतेक शब्दांत ‘कशाला?’ किंवा ‘कशाशी?’ हा प्रश्न दडलेला आहे, आणि लिहिणाऱ्याला त्याचे उत्तर द्यावे लागते.

न्यायालयात हा प्रश्न कुणालाही टाळता येत नाही. १८७२चा पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, तरी नियम तोच राहिला: वादातली तथ्ये आणि त्यांच्याशी संबद्ध तथ्ये, एवढ्यांचाच पुरावा द्यायचा. साक्षीदार कितीही खरे बोलत असला, तरी त्याचा वादाशी संबंध दाखवावा लागतो.

‘आजही प्रासंगिक’ या दोन शब्दांनी तो संबंध दाखवायची जबाबदारीच संपते. महात्मा फुले यांनी १८८३मध्ये शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणावर जे लिहिले, ते आजच्या कोणत्या प्रश्नाला आणि कुठवर लागू पडते, हे सांगायला अभ्यास लागतो. कदाचित काही भाग लागू पडणारही नाही, तेही लिहावे. फुल्यांचे नुसते नाव घेण्यापेक्षा त्यात त्यांचा अधिक मान आहे.

आपल्या उपसंपादकांनी असे वाक्य समोर आल्यावर लेखकाला फक्त ‘कशाशी?’ एवढे विचारावे, ही विनंती. ‘प्रासंगिक’ ही पट्टी मात्र काढू नका. तिथे तो शब्द अगदी आपल्या जागी आहे.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक