वीटभट्टीवरच्या मुलांचा पट कधी मोजणार? : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

ठाणे जिल्ह्यातील प्राथमिक शाळांत माझी सारी नोकरी झाली आणि तिचा बराचसा काळ भिवंडी तालुक्यात गेला. दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर वीटभट्टीवर येणाऱ्या मुलांच्या शिक्षणाकडे आपले लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

भातकापणी उरकली की मुरबाड, शहापूर, जव्हार, मोखाडा या भागांतील कातकरी व इतर आदिवासी कुटुंबे मालकाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी भट्ट्यांवर येतात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. शाळेच्या वर्षाचा मोठा हिस्सा ही मुले गावाबाहेर असतात. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने हे ओळखले आहे. कलम ९ नुसार स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, तर कलम ५ नुसार शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून कोणाचाही प्रवेश अडवता येत नाही. प्रवेश मिळतोही. अडचण त्यानंतर सुरू होते.

आपल्याकडे शिक्षकांची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे द्यायची याची मंजुरी, ३० सप्टेंबरच्या पटावर होते. भट्टीचा हंगाम त्यानंतर सुरू होतो. म्हणून ज्या शाळेत मूल डिसेंबरमध्ये प्रत्यक्ष बसलेले असते, त्या शाळेच्या मंजूर पदांत त्याची गणतीच नसते. आधीच दोन-दोन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षिकेसमोर एके सोमवारी दहा-बारा नवी मुले येऊन बसतात. त्यांची पाठ्यपुस्तके जूनमध्ये गावच्या शाळेत मिळालेली असतात आणि घरीच राहिलेली असतात. चौथीत नाव असलेल्या मुलाला जोडाक्षरे येत नाहीत, आणि कातकरी बोलीत वाढलेली लहान मुले पुस्तकी मराठी ऐकून गप्प बसतात. एक मुलगी रोज धाकट्या भावाला कडेवर घेऊन यायची. तो रडू लागला की दप्तर तिथेच ठेवून त्याला व्हरांड्यात फिरवायची आणि खिडकीतून फळ्यावरची गणिते बघत राहायची. तिला शिकायचे नव्हते असे कोणी म्हणू नये.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मुलांचे दाखले दिले की गावच्या शाळेचा पट घटतो आणि तेथील शिक्षकाचे पद धोक्यात येते, म्हणून स्थलांतर झाले तरी नावे हजेरीपटावर तशीच राहतात. यात मी त्या शिक्षकांना दोष देणार नाही. जून ते दिवाळी आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुलांना शिकवायचे त्यांनाच असते. मूल वर्षातून दोन शाळांत शिकत असेल, तर दोन्ही शाळांनी ते मोजले पाहिजे.

म्हणून माझी मागणी अशी आहे की ज्या तालुक्यांत भट्ट्या आहेत, तेथे डिसेंबरअखेरीस पटाची दुसरी नोंद घ्यावी, तिच्या आधारे मे महिन्यापर्यंत मानधनावर हंगामी शिक्षक द्यावेत, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ मध्ये सांगितलेले, मागे पडलेल्या मुलांना वयानुरूप वर्गाच्या बरोबरीला आणण्याचे विशेष प्रशिक्षण त्यांच्याकडून नियमित वर्गाच्या जोडीने करून घ्यावे. गावच्या शाळेचे मंजूर पद या नोंदीमुळे कमी होणार नाही, हे त्याच आदेशात स्पष्ट लिहावे. अन्यथा खरी नोंद कोणीच करणार नाही. पाठ्यपुस्तकांचा एक जादा संच भट्टीजवळच्या शाळेत ठेवणे तर फारसे खर्चाचेही नाही.

हंगामी वसतिगृहांची योजना चांगली आहे. आजी-आजोबा गावात असतील, तर मुले तेथे राहून शिकू शकतात. परंतु सहा वर्षांचे मूल मागे ठेवायला आई तयार होत नाही, आणि थोरली मुलगी तर तान्ह्याला सांभाळण्यासाठीच सोबत नेली जाते. तिची शाळा सुटू नये असे वाटत असेल, तर भट्टीजवळ हंगामापुरती अंगणवाडी सुरू करावी लागेल. हा विषय महिला व बालविकास विभागाचा आहे याची मला जाणीव आहे, म्हणूनच दोन्ही विभागांचा एकत्रित आदेश निघावा अशी विनंती करते.

यंदाची कुटुंबे दिवाळीनंतर निघतील. त्याआधी आदेश निघाला, तर शाळांना याच हंगामात तयारी करता येईल.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, ठाणे