पोरगी बोलत नाही म्हणून आजीला गप्प बसवू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

आता परत प्लेग्रुपच्या अॅडमिशनचे बोर्ड लागायला लागलेत, राजारामपुरीपासून फुलेवाडीपर्यंत जिकडं बघावं तिकडं फुगे आणि कार्टूनवाले फ्लेक्स, आणि परवा आमच्या शेजारच्यांना एका ठिकाणी तेच सांगितलं जे मागच्या वर्षी आम्हाला सांगितलं होतं, म्हणून हे पत्र लिहायला बसलो. वाक्य असं की, "घरी मराठी बंद करा, इंग्लिशच बोला, दोन भाषांनी मूल कन्फ्यूज होतं आणि बोलायला उशीर लागतो." आमचे पाच महिने या एका वाक्यात गेले.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायच्या खात्यात, सुपरवायझर आहे. घरात आई, मी, बायको आणि पोरगी. मागच्या वर्षी जूनमध्ये पोरगी दोन वर्षं दोन महिन्यांची होती तेव्हा तिला प्लेग्रुपला घातलं. तेव्हा ती मोजून पाच-सहा शब्द बोलायची, आई, बाबा, भूभू, मम्मम असले. घरात प्रत्येकाचं उत्तर तयार होतं. मामा म्हणाला तूपण तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हतास, गावाकडच्या काकी म्हणाल्या जिभेला वेखंड उगाळून लावा, कुणी म्हणालं जीभ खालनं चिकटली असेल. ऑगस्टमध्ये प्लेग्रुपवाल्यांनी बोलावून घेतलं आणि वरचं वाक्य सांगितलं. वर हे पण, की आजीचं मराठी फार गावठी आहे, मुलीवर परिणाम होतोय.

आता माझी आई दिवसभर तिच्याजवळ असायची. आम्ही दोघंही कामावर. भाकरी थापताना पोरगी शेजारी पाटावर, "हे बघ पीठ, आता पाणी घालतो, आता थापतो, बघ बघ फुगली, हात लावू नको चटका बसतोय" असं तिचं अखंड चालू. आमच्याकडं बायका "मी आलो, मी जातो" असंच बोलतात, कोल्हापुरात कुणाला ते वेगळं वाटतच नाही. आईला आम्ही सांगितलं, जरा कमी बोल. ती काही बोलली नाही, गप्पच झाली. आणि आमचं इंग्लिश किती? कम, सीट, ईट, नो, गुड गर्ल. ते संपलं की पुढं शब्दच नाहीत, मग आपोआप मोबाईलवर इंग्लिश ऱ्हाईम्स लावून द्यायचो, वाटायचं निदान कानावर तरी पडतंय. घरात सगळ्यात जास्त बोलणारं माणूस आम्ही आमच्या हातानं बंद केलं आणि त्या जागी स्क्रीन ठेवला, हे मला आज आठवलं तरी गलबलतं.

जानेवारीत कंपनीत आमची वर्षाची ऑडिओमेट्री होती. आवाजाच्या खात्यात काम करणाऱ्यांचे कान दरवर्षी तपासतात, हेडफोन लावायचा, बारीक टूं ऐकू आलं की बटन दाबायचं. तपासणाऱ्या बाईंशी सहज बोलता बोलता पोरीचं निघालं. त्यांनी एकच विचारलं, "तिचे कान तपासलेत का?" माझे कान अकरा वेळा तपासून झालेत, पोरीचे एकदाही नाही. मी म्हटलं ऐकू येतं की, कुकरची शिट्टी झाली की वळते, दार वाजलं की पळते. त्या म्हणाल्या, शिट्टी कुणालाही ऐकू जाते, "साखर" मधला स ऐकू जातो का ते बघायला पाहिजे.

कान-नाक-घसा डॉक्टरांनी टिंपॅनोमेट्री केली. कानात बारीक बोंडी घालून हवेचा दाब देतात, दुखत नाही, मिनिटभराचं काम. मशीनवर आलेख येतो, चांगल्या कानाला मधे डोंगरासारखा उंचवटा येतो. आमच्या पोरीचा दोन्ही कानांचा आलेख सपाट, रंकाळ्याच्या पाण्यासारखा. कानाच्या पडद्यामागं पाणी साठलेलं. लहान पोरांची नाकातनं कानाकडं जाणारी नळी आखूड आणि आडवी असते, सर्दी झाली की तुंबते, आणि यात ताप नाही, दुखणं नाही, त्यामुळं आईबापाला पत्ताच लागत नाही. शिवाय पाणी कमीजास्त होतं, म्हणून आज ऐकते उद्या नाही, आपण म्हणतो पोरगी हट्टी आहे. कानात बोटं घालून कुणी बोललेलं ऐकून बघा, सूर कळतो पण शब्द फुटून येत नाहीत. पोरीला दोन वर्षं जग असं ऐकू येत असेल तर ती काय बोलणार.

पुष्कळदा हे पाणी तीन महिन्यांत आपोआप जातं म्हणून डॉक्टर आधी थांबले, आमचं गेलं नाही, मग मे महिन्यात कानाच्या पडद्यात ग्रोमेट बसवली, तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक नळी. जूनच्या पहिल्या पावसाला आमच्या पुढच्या पत्र्यावर सर आली आणि ती आतनं पळत आली, वर बघून म्हणाली "बाबा, काय?" तो आवाज तिनं आधी कधी धड ऐकला नव्हता.

मधल्या तीन महिन्यांत स्पीच थेरपिस्ट मॅडमकडं जात होतो. त्यांनी पहिली गोष्ट काय सांगितली असेल तर आजीला परत बोलायला लावा. म्हणाल्या समोर बसून, तोंड दिसेल असं, आणि मराठीतच, कारण ज्या भाषेत तुम्ही भांडता, लाड करता, गोष्ट सांगता तिच्यातच तुमच्याकडं शब्द आहेत. दुसरं म्हणाल्या तुम्ही पोरीची परीक्षा घेताय, हे काय, ते काय, कलर कुठला. ती ज्याच्याकडं बघतेय त्याच्याबद्दल बोला आणि मग थांबा, मनात दहापर्यंत मोजा, तिची पाळी येऊ द्या. हे दहापर्यंत थांबणं सगळ्यात अवघड गेलं मला. पण पाचव्या-सहाव्या आकड्याला ती खरंच काहीतरी हूं-हां करायची, आणि तेवढ्यावर आई लगेच "व्हय गं, मांजरच हाय ते" म्हणून पुढं न्यायची. बोलणं असं चेंडूसारखं इकडनं तिकडं गेलं पाहिजे, मोबाईल चेंडू टाकतच राहतो, झेलत कधीच नाही.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. अमेरिकेत सिएटलच्या संशोधक पॅट्रिशिया कुल यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांवर केलेला प्रयोग आहे. काही बाळांशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून बारा वेळा खेळली-बोलली, काहींना त्याच माणसांचे व्हिडिओ दाखवले. समोर बसून ऐकलेल्या बाळांना चिनी भाषेतले आवाज वेगळे ओळखता यायला लागले, व्हिडिओवाल्यांना काहीच फरक पडला नाही. त्याच्या आधी १९८४ मध्ये कॅनडात जॅनेट वर्कर यांनी दाखवलं होतं की इंग्लिश घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळाला हिंदीतला त आणि ट वेगळा ऐकू येतो, पण वर्षाचं होईस्तोवर ती ओळख बहुतेकांची जाते, कारण घरात तो फरक लागतच नाही. म्हणजे आपलं पोरगं "ताट" ऐकतं तेव्हा त्यातला त आणि ट दोन्ही पक्के होत असतात, तेही पहिला शब्द फुटायच्या आधी. आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, दोन ते चार वर्षांना दिवसाला तासापेक्षा जास्त नको, आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं पण म्हणणं दोन वर्षांच्या आत नकोच.

दोन भाषांचं म्हणाल तर माझी सासरवाड गडहिंग्लजकडची. तिथं आजी कानडी, शेजारी मराठी, पोरं दोन्ही बोलतात, एका वाक्यात दोन्ही मिसळतात आणि चारपाच वर्षांची झाली की कुणाशी काय बोलायचं ते बरोबर कळतं. दोन भाषांनी मूल मुकं होत नाही. दोन वर्षांच्या पोराचे शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे असतात, एवढंच. इंग्लिश शिकू दे की, मला पण पाहिजे, पण मराठी काढून टाकून त्या जागी नको. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पण शक्य तिथं निदान पाचवीपर्यंत घरची भाषा म्हटलंय, आणि हे तर दोन वर्षांचं लेकरू.

अजून एक बोलायला नको वाटतं पण बोलतो. आपल्याकडं मामाची पोरगी करायची पद्धत अजून आहे. रक्ताच्या नात्यात लग्न असेल तर जन्मतः ऐकू न येण्याची शक्यता वाढते, तसंच बाळ वेळेआधी जन्मलं, पेटीत ठेवलं, कावीळ जास्त झाली तर. अशा घरांनी तर दवाखान्यातनं डिस्चार्ज घ्यायच्या आधी कान तपासून घ्यायलाच पाहिजेत, बाळ झोपलेलं असताना पाच-दहा मिनिटांत होतं. जन्मतः दोष असेल आणि सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू झाले तर भाषेचं नुकसान पुष्कळ वाचतं. वेखंड लावण्यात दिवस घालवू नका.

आता माझी तक्रार आणि विनंती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, त्याचं डॉक्टरांचं पथक वर्षातनं दोनदा अंगणवाडीत येतं, त्यात उशिरा बोलणं, कमी ऐकू येणं हे सगळं बघायचं असतं, फुकट. खासगी प्लेग्रुपमध्ये ते येत नाही. म्हणजे मी फी भरली म्हणून माझी पोरगी या तपासणीतनं सुटली, अंगणवाडीत असती तर कदाचित कुणाच्या तरी नजरेत आली असती. जिल्हा परिषद आणि महापालिकेनं खासगी प्लेग्रुपची पोरं पण या पथकाच्या यादीत घ्यावीत. आणि प्लेग्रुप चालवणाऱ्यांनी मूल बोलत नसेल तर भाषेवर मत देण्याआधी "कान तपासून आणा" एवढंच सांगावं. तोपर्यंत पालकांनी जवळच्या अंगणवाडी सेविकेला पथक कधी येणार ते विचारून पोराला नेऊन दाखवावं, नाहीतर सरळ सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या कान-नाक-घसा विभागात न्यावं. वर्षाच्या बाळाला एखाददुसरा शब्द येत नसेल, दोन वर्षांच्याला "दूध दे" असे दोन शब्द जोडता येत नसतील, तर मुलगा आहे, उशिरा बोलेल म्हणून वाट बघू नका.

आमची पोरगी आता अखंड बोलते. काल मी कामावरनं आलो तर ही चप्पल घालून दारातनं आत आली आणि आजीला ओरडून म्हणाली, "आजी, मी आलो!" आई चुलीपुढनं म्हणाली, "ये की मग."

आपला,
एक वाचक, कोल्हापूर