बॅटरी धरणाऱ्या काकांना

काका,

पिकअपची केबिन उतरून आज 12 दिवस झाले. त्या संध्याकाळी तुम्ही फडक्याला हात पुसलेत, चपला पायात सरकवल्यात आणि निघालात. मी साधं ‘धन्यवाद’सुद्धा म्हटलं नाही. राहून गेलं असं नाही, घशातून आवाज फुटत नव्हता. समोर आलात तर पुन्हा तेच होईल, म्हणून हे पत्र. तुम्ही स्वतः वाचणार नाही हे ठाऊक आहे. कुणीतरी वाचून दाखवेल, आणि तुम्ही मध्येच ‘पुरे आता’ म्हणाल. म्हणू नका, शेवटपर्यंत ऐका.

तुमच्या आधी या पिकअपला ज्यांचे हात लागले, त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. पहिल्याने गाडी 7 महिने ठेवून घेतली. बॉनेट आणि मडगार्ड काढले, सगळे नटबोल्ट एकाच बादलीत ओतले आणि केबिनमधून इंजिनाकडे जाणारं वायरिंग कटरने कापून मोकळा झाला. एका वायरीला खूण नाही. दुसरा तर खाली वाकलासुद्धा नाही. ‘गॅसने कापून टाका, दुसरी केबिन बसवा,’ असं उभ्या उभ्या सांगून गेला. तिसऱ्याने माझ्या हातातला पाना काढून घेतला, म्हणाला, ‘तुम्ही बाजूला व्हा साहेब, हे तुमचं काम नाही.’ पुढच्या बोल्टचं डोकं त्यानेच गोल करून ठेवलं आणि वर मलाच सांगितलं की जुन्या गाड्यांचं असंच असतं. गाडी माझ्या वडिलांची होती. ती कापायचीच असती, तर एवढी वर्षं ताडपत्रीखाली कशाला जपली असती?

तुम्ही आलात आणि पहिला अर्धा तास पान्याला हातच लावला नाहीत. दोन्ही दारं उघडून लावून पाहिलीत, फटीत बोट फिरवलंत, खालची पट्टी नखाने खरवडलीत. मग म्हणालात, ‘आधी दारांच्या जागेत आडवे पाइप वेल्ड करून घे. पट्टी सडलीय. तशीच उचललीस तर केबिन उघड्या खोक्यासारखी मुरडेल, मग ही दारं जन्मात नीट लागणार नाहीत.’ आधीच्या तिघांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. की सुचलं होतं, पण सांगायचा कंटाळा केला?

बाकीची उस्तवार इथे लिहीत नाही. स्टीअरिंगचा जोड, ब्रेकचे पाइप, क्लच, गिअरचा दांडा, स्पीडोमीटरची केबल, सगळं हळूहळू सुटलं. राहिले केबिन चेसिसला धरून ठेवणारे 6 बोल्ट. तुम्ही सांगितल्याप्रमाणे 3 दिवस त्यांच्यावर तेल सोडत राहिलो. 5 आले, त्यात तो गोल केलेलाही आला. मागचा डावा हलेना. पान्यावर पाइप घालून जोर करू नकोस, असं तुम्ही बजावलं होतंत. मी तेच केलं. टक् असा आवाज आला आणि डोकं माझ्या हातात. उरलेला बोल्ट रबर बुशच्या नळीत गंजाने चिकटून बसलेला.

तुम्ही ओरडाल असं वाटलं. निदान ‘सांगितलं होतं ना’ एवढं तरी म्हणाल. तुम्ही कोपऱ्यातलं पोतं उचललंत, गाडीखाली अंथरलंत, दुखरा गुडघा सांभाळत माझ्या शेजारी आडवे झालात आणि बॅटरी लावलीत. गाडीची नव्हे, हातातली. म्हणालात, ‘ज्योत लावायची नाही, रबर पेटेल. ड्रिलने पोखरून काढू. तू चालव, मी उजेड धरतो.’

काका, लहानपणी वडिलांसाठी बॅटरी मी धरायचो. आपल्यापैकी कुणी धरली नाही? ‘नीट धर’, ‘कुठे बघतोयस’, ‘हात हलवू नकोस’ हे ऐकत प्रत्येकाने ती धरली आहे. बॅटरी धरायची ती पोराने, काम करायचं ते जाणत्याने. या गाडीखाली तुम्ही ते उलटं केलंत. 40 वर्षं पाना फिरवलेला माणूस 2 तास माझ्यासारख्या शिकाऊसाठी उजेड धरून पडून राहिला.

आणि धरलात कसा! मी मधोमध पंच मारला, आधी 3 मिमीचं बिट लावलं, मग 5, मग 8. वरून लोखंडाचा कीस चष्म्यावर सांडत होता. माझं ड्रिल एका बाजूला जायला लागलं की तुम्ही बोलत नव्हता. उजेड थोडासा सरकायचा आणि मला माझी चूक दिसायची. एकदा वाटलं, आता घेतील ड्रिल हातातून. तुमचा हात पुढे आलाही, पण कपाळावरचा घाम पुसून परत गेला. त्या क्षणी मला काय वाटलं, ते अजून नीट सांगता येत नाही.

येणाऱ्याला येतं, ते करून दाखवण्यात त्याला काही कष्ट नसतात. दुसऱ्याला चाचपडताना बघत गप्प राहायला मात्र पोटात माया लागते, आणि ती पोटात असलेली माणसं फारशी बोलतही नाहीत. त्या तिघांपैकी कुणी वाईट होतं असं मी आता म्हणणार नाही. घाईत होते. पण घाईतल्या माणसाच्या हाती आपली वस्तू देताना काळजाचं काय होतं, ते त्यांना कधी कळलं नाही.

चेन ब्लॉकवर केबिन बोटभर उचलली गेली आणि तुम्ही ‘थांब’ म्हणालात, तेही आठवतंय. खाली हात फिरवून तुम्ही ती विसरलेली, केबिन आणि चेसिसला जोडणारी अर्थिंगची पट्टी शोधलीत. ती तशीच राहिली असती तर काय ओरबाडलं गेलं असतं, कोण जाणे.

केबिन आता लाकडी ओंडक्यांवर आहे. चेसिस घासायला घेतलीय. प्रत्येक बोल्ट, त्याचे वायसर आणि रबर वेगवेगळ्या पिशवीत, जागा लिहून. तो पोखरलेला बोल्टही ठेवलाय.

तुमची बॅटरी माझ्याकडेच राहिली. सेल नवे घातलेत. आणून देणार होतो, पण मग म्हटलं राहू दे. पुढच्या रविवारी चेसिसवर उरलेले ब्रेकचे पाइप काढायला मी गाडीखालीच असेन.

तुमचा,
ड्रिल वाकडं धरणारा

ता. क. गुडघा कसा आहे? या वेळी पोत्याऐवजी गादी घालतो.