कॉम्प्युटर म्हातारा झालेला नाही, बाबा

ती. आई-बाबांना
सा. नमस्कार.

कॉम्प्युटर फार हळू चालतो म्हणून परवा फोनवर पाऊण तास घालवूनही आपण जागचे हललो नाही. मी म्हणत होते ‘राइट क्लिक करा’ आणि बाबा स्क्रीनच्या उजव्या कडेला जाऊन क्लिक करत होते! चूक माझीच, ‘माउसचं उजवं बटण दाबा’ असं सरळ म्हणायला हवं होतं. म्हणून या खेपेला सगळं लिहूनच काढते. हा कागद कीबोर्डशेजारी ठेवा आणि घाई नसेल तेव्हाच हात घाला.

‘आता म्हातारा झाला, काढून टाकू’ हे बाबांचं म्हणणं मला पटलेलं नाही. तुम्ही त्यावर पत्रं लिहिता, आई फोटो बघते, दोनचार वेबसाइट उघडता. एवढ्याला तो पुरून उरेल. त्याचा जीव जातो तो आपण न सांगितलेल्या कामांत.

पहिली गोष्ट अगदी सोपी. बाबा, तुम्ही रोज रात्री ‘शट डाउन’ करता, पण विंडोज १० मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय बहुधा चालूच असते. तिच्यामुळे शट डाउन करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तोच उचलून पुढे चालू करतं. म्हणजे कालचं अडलेलं आजही अडलेलंच. ‘रीस्टार्ट’ केलं की मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं. ऐकायला उलटं वाटतं, पण तसंच आहे. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा, एवढं पुरे.

आता खरं काम. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. खिडकी छोटीशीच दिसली तर खाली ‘मोअर डीटेल्स’ असेल, ते दाबा. मग वरच्या ओळीतल्या ‘स्टार्टअप’वर जा. कॉम्प्युटर सुरू झाल्या झाल्या जे प्रोग्राम आपण होऊन उठतात, त्यांची ही यादी. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मी चौदा मोजले. त्यातला एक तर आपण तीन वर्षांपूर्वी देऊन टाकलेल्या प्रिंटरचा आहे. प्रिंटर गेला, पण हा बिचारा अजून रोज सकाळी उठून त्याची वाट बघतोय. शेवटच्या रकान्यात ज्यांच्यापुढे ‘हाय’ लिहिलंय, ते सुरुवातीचा सगळ्यात जास्त वेळ खातात. नावावर माउसचं उजवं बटण दाबायचं आणि ‘डिसेबल’ म्हणायचं. प्रोग्राम पुसला जात नाही, फक्त न बोलावता येत नाही. तुम्ही उघडलात की उघडतो. प्रिंटरचा, व्हिडिओ कॉलचा आणि गाण्यांचा, हे तीन बिनधास्त बंद करा. ‘विंडोज सिक्युरिटी’, आवाजाचं आणि टचपॅडचं काही असेल तर हात लावू नका. बाकीच्यांबद्दल शंका आली तर तसंच सोडा, मी आल्यावर बघीन.

यानंतरच्या भागाबद्दल आधी माफी मागते. आई, मागच्या खेपेला मी येऊन गेले आणि दुसऱ्याच दिवशी तुझा फोन आला, ‘सगळे फोटो गेले गं’. शिवाय अक्षरं फाटकी दिसायला लागली म्हणून तू चष्म्याचा नंबर तपासायला गेलीस. फोटो कुठे गेले नव्हते आणि नंबरही वाढला नव्हता. विंडोज खिडक्या उघडता-मिटताना जी नक्षी करतं, सावल्या पाडतं, ती बंद करण्यासाठी मी ‘ॲडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स’ निवडलं आणि निघाले. त्यात दोन कामाच्या गोष्टीही बंद होतात, हे माझ्या लक्षातच आलं नाही. एक, फोटोंच्या जागी छोटी चित्रं दिसणं. दुसरी, अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणं. म्हणून तुला सगळीकडे एकसारखी कोरी चिन्हं दिसली. फोनवर घाईघाईने मी सगळंच पूर्ववत करायला लावलं, त्यामुळे नक्षीही परत आली. आता नीट करू. स्टार्टजवळच्या शोधाच्या चौकटीत इंग्रजीत ‘परफॉर्मन्स’ टाइप करा. ‘ॲडजस्ट द अपीअरन्स अँड परफॉर्मन्स ऑफ विंडोज’ असं वर येईल, ते उघडा. मी निवडलं होतं तेच निवडा, पण ‘ओके’ म्हणण्याआधी खालच्या यादीत ‘शो थंबनेल्स’ आणि ‘स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स’ यांच्यापुढे टिक करा.

सी ड्राइव्ह भरत आला असेल तर सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज, मग ‘टेम्पररी फाइल्स’. तिथला कचरा खुशाल काढा, पण त्या यादीत ‘डाउनलोड्स’ हे नावही असतं. त्यावर टिक करायची नाही! बाबांनी उतरवून घेतलेले सगळे कागद तिथेच पडलेत.

एवढं करून फरक पडेल, पण जादू होणार नाही. आपल्या कॉम्प्युटरला मेमरी ४ जीबी. ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडले की ती भरते, मग विंडोज उरलेलं सामान हार्ड डिस्कवर ठेवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. ती डिस्क फिरती आहे, मिनिटाला ७२०० फेऱ्या. तरी आतली सुई जागोजागी सरकेपर्यंत आपण गोल चक्र बघत बसतो. टास्क मॅनेजरमध्ये ‘डिस्क’खाली कितीतरी वेळ १०० टक्के दिसतात ते यामुळेच. यावर सेटिंगचा उपाय नाही. लागणारे चारपाच टॅब ठेवा, बाकी मिटवा. मी येताना एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, घेऊन येईन. तिच्यात फिरणारं काही नसतं, आणि फोटो-कागद सगळं जसंच्या तसं तिच्यावर नेता येतं.

आणि आई, ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शेकडो चुका सापडल्या, एका क्लिकमध्ये वेग वाढवा’ असं लुकलुकत आलं तर ती खिडकी बंद कर, त्यातलं काही दाबू नकोस. असले ‘क्लीनर’ स्वतःच स्टार्टअपच्या यादीत जाऊन बसतात. रजिस्ट्री (विंडोजची सेटिंग्जची नोंदवही) साफ करणाऱ्या प्रोग्रामांना खुद्द मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही.

एक मात्र वेग वाढवून सुटणारं नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आपल्या जुन्या मशीनमध्ये नाही. त्याचं काय करायचं ते समोरासमोर बसून ठरवू. तोवर पैशांचे व्यवहार त्यावर नकोत.

सुरुवात करण्याआधी एक करा. बटण दाबल्यापासून माउस हवा तसा हलेपर्यंत किती मिनिटं लागतात ते घड्याळावर बघून याच कागदाच्या मागे लिहा, आणि सगळं झाल्यावर परत एकदा. बाबा, ‘साधारण’ असं लिहू नका. मला मिनिटं हवीत.

तुमची,
धाकटी