नोटेशन लिहायच्या सॉफ्टवेअरवरही लिहा की

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात मोबाइल आणि ॲपवर एवढं छापून येतं, पण स्टाफ नोटेशन (पाच रेघांवर सूर लिहायची पाश्चात्य पद्धत) लिहायच्या सॉफ्टवेअरबद्दल कधीच वाचलं नाही म्हणून हे पत्र. मी ठाण्यात घरी पियानो शिकवते, मुलांकडे झेरॉक्सची झेरॉक्स असते, त्यात पेडलच्या (पायाने दाबून सूर लांबवायच्या पट्टीच्या) खुणा पार उडालेल्या, म्हणून मी लिलीपॉन्ड नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः टाइप करायला लागले. १९९६ पासून आहे ते, पूर्ण फुकट, माउसने नोट ओढत बसायचं नाही, साधा मजकूर लिहायचा आणि पान छापील पुस्तकासारखं सुबक येतं.

पण अडलं की कोणी सांगायला नाही. परवा एका पीसमध्ये दुसऱ्या बारपासून (तालाच्या दुसऱ्या खणापासून) पेडल होतं, तर प्रत्येक खूण एक नोट आधीच उमटली, अख्खी संध्याकाळ गेली माझी. कारण एवढंच की 'सस्टेनऑन' ही पेडल दाबायची खूण छापणारी कमांड नोटच्या नंतर लिहायची असते, मी आधी लिहीत होते, ती मागच्या नोटला चिकटत होती आणि एरर काही येत नव्हती. शिकणाऱ्या मुलीने तसंच वाजवलं असतं तर पेडल वेळेआधी बदलून जुन्या कॉर्डचा (सुरांच्या गटाचा) शेवटचा सूर नव्या कॉर्डमध्ये घुसला असता, सगळं गढूळ.

आर्पेजिओच्या, म्हणजे कॉर्डचे सूर एकामागून एक वाजवायच्या, नागमोडी रेघेचंही तसंच. दोन्ही हातांमधून एक सलग रेघ असेल तर खालच्या सुरापासून वरपर्यंत एकामागून एक वाजवायचं, दोन तुटक रेघा असतील तर दोन्ही हात एकदम सुरू, म्हणजे वाजवणंच बदललं ना! मला सलग हवी होती, मी 'कनेक्टआर्पेजिओज' हे रेघा जोडायचं सेटिंग चालू केलं पण त्याच्या आधी 'पियानोस्टाफ' (दोन्ही हातांच्या ओळी मिळून) आणि टिंब लिहिलंच नव्हतं, मग ते सेटिंग एकाच हातापुरतं राहिलं आणि रेघा तुटक त्या तुटकच. इथेही एरर नाही.

मॅन्युअलमध्ये हे सगळं आहे, छानच आहे ते, पण मराठीत मला काही सापडलं नाही, माझ्या ओळखीच्या दोघी शिक्षिकांनी तर इंग्रजी वाचूनच नाद सोडला आणि परत झेरॉक्सवर गेल्या, याचं फार वाईट वाटतं. महिन्यातून एकदा अर्धा कॉलम द्याल का? चुकलेलं पान आणि दुरुस्त पान शेजारी शेजारी लावून मी लिहून देईन, मानधन नको.

– एक पियानो शिक्षिका, ठाणे