ठकी आणि खांदेमळणीचा हात

पुणे, रविवार

ती. आई-बाबांना सा. न.

परवा व्हिडिओ कॉलवर आईनं आपल्या ठकी मांजरीला उचलून दाखवलं, तेव्हापासून जिवाला चैन नाही. पोट पार उघडं पडलंय गं तिचं. मांड्यांच्या आतूनही केस गेलेत, गुलाबी कातडी दिसतेय. "दिवसभर चाटत बसती, हाकललं की पलंगाखाली जाऊन चाटती," असं तू म्हणालीस. आई, आधी तिला हाकलणं बंद कर. घाबरलेलं मांजर चाटून चाटूनच स्वतःला शांत करत असतं. आपण ओरडलो की भीती वाढते, आणि चाटणंही वाढतं.

पण "मनाला लावून घेतलंय" म्हणून दवाखाना टाळू नका. 2006 साली एका पशुवैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. मनाच्या त्रासानं केस चाटून काढतात असं समजलेली 21 मांजरं नीट तपासली, तर 16 जणांना शरीराचंच दुखणं निघालं. बहुतेकांना अंगाला खाज सुटणारं काहीतरी होतं. नुसत्या मनाच्या त्रासाची फक्त दोन.

म्हणून बाबा, एक करा. बारीक दातांच्या फणीनं तिची पाठ विंचरा, शेपटीच्या बुडाशी जरा जास्त. फणीत काळी कणी आली तर ओल्या पांढऱ्या फडक्यावर टाका. तांबूस डाग उमटला तर पिसवा आहेत, ते त्यांनी प्यालेलं रक्त असतं. साधी माती तशी रंगत नाही. आणि ती लघवीला सारखी जाते का, बसून कुंथते का, तेही बघा. मूत्राशय दुखत असलं तरी मांजर नेमकं पोटच चाटतं. मग झाकणाच्या टोपलीत घालून परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात दाखवून आणा. टोपलीत तिची रोजची गोधडी टाका, धुवू नका. तिचा स्वतःचा वास सोबत असला की तिला धीर येईल.

आई, कडूलिंबाचं तेल, कापूर-खोबरेल असलं काहीच लावू नकोस. तिच्या अंगाला लावशील ते तिच्या पोटात जाणार. गोठ्यातलं गोचिडाचं औषध तर तिच्या जवळपासही नेऊ नका. कुत्र्यांना चालणारं परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराच्या जिवावर उठतं. आणि आपली तापाची पॅरासिटामॉलची गोळी तिला कधीच नाही, तुकडासुद्धा नाही.

आता माझ्या मनातलं. मातीच्या छताचं माळवद पाडून स्लॅब टाकायचा हट्ट माझा होता. दर पावसाळ्यात गळतं, पांढरी माती आणून टाकायला आता माणसं मिळत नाहीत, बाबांनी या वयात शिडीवर चढू नये, हे सगळं मी पटवून दिलं आणि तुम्ही ऐकलंत. ठकीला कुणी विचारलं? छतातल्या साण्यातून उन्हाचा कवडसा पडायचा तिथं ती सकाळी बसायची, दुपारी तुळईवरून चालत कोनाड्यात जाऊन झोपायची. दोन महिने घरात फोडाफोडी, मिक्सरचा आवाज, अनोळखी माणसं. आता उंचावर जायला जागा नाही, अंधारा कोपरा नाही, भिंतींना रंगाचा वास. तिचं घर तिच्या अंगावर मोडलं. बाबा, तुम्हालाही नव्या खोलीत झोप लागत नाही, हे आईनं मला सांगितलंय.

दवाखान्याचं झाल्यावर तुमच्या हाताचं काम आहे. लिंडा टेलिंग्टन-जोन्स नावाच्या बाई घोडे शिकवायच्या. 1975 मध्ये त्या मोशे फेल्डनक्राइस यांच्याकडे माणसांच्या शरीराच्या हालचालींचं शिक्षण घ्यायला गेल्या. तिथलं शिकलेलं त्यांनी घोड्यांवर वापरलं, पुढं कुत्र्यामांजरांवर. हलक्या हातानं अंगावर गोल बोटं फिरवायच्या या पद्धतीला टी-टच म्हणतात. यानं खाज किंवा रोग बरा होत नाही, पण आखडलेलं जनावर सैल पडायला मदत होते.

मला हे वाचताना खांदेमळणीच आठवली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळायचात आणि कानाशी म्हणायचात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." सर्जा मारका होता, दुसऱ्या कुणाला जवळ येऊ द्यायचा नाही, पण तुमच्या तळव्याखाली त्याचे डोळे मिटायचे. मी दावणीला टेकून बघत राहायची. तोच हात, फक्त इथं अगदी हलका. स्वतःचा डोळा मिटून पापणीवर बोट फिरवून बघा, बुबुळ दबता कामा नये. एवढाच दाब.

तिच्या अंगावर वाकू नका. खाली चटईवर बसा, ती आपण होऊन येऊ दे. आधी बोटांची उलटी बाजू गालाला लावा. मग मधली तीन बोटं किंचित वाकवून खांद्यावर टेकवा. तिथं घड्याळाची तबकडी आहे असं समजा. सहापासून निघायचं, नऊ, बारा, तीन करत पुन्हा सहाला यायचं आणि थेट नऊपर्यंत जायचं. म्हणजे सव्वा फेरा. बोटं केसांवरून घसरू द्यायची नाहीत, कातडीच बोटांसोबत फिरली पाहिजे. एका फेऱ्याला दोनेक सेकंद. थांबा, श्वास सोडा, बोटं उचलून शेजारी ठेवा. दुसरा हात तिच्या छातीपाशी नुसता टेकलेला असू द्या, धरायचं नाही. कान मात्र आईनं करावेत. बुडापासून टोकापर्यंत अंगठा आणि बोटाच्या मध्ये हळूच सरकवत न्यायचे, लहानपणी माझ्या कानांना तेल लावायचीस ना, तसंच. उघड्या पोटाला हात लावू नका. शेपटी आपटली, कान आडवे झाले, पाठीची कातडी थरथरली की हात काढा, तेवढ्यात तिचं "बस" झालेलं असतं. दोन-तीन मिनिटं पुष्कळ झाली. रोज जेवणाची वेळ तीच, हाताची वेळही तीच ठेवा.

बाबा, पावसाची नोंद ठेवता त्याच वहीत ठकीचंही लिहा: किती वेळ बसली, कधी उठून गेली, रात्री चाटण्याचा आवाज आला का. केस परत यायला महिने लागतील, घाई नको. आणि शेडमध्ये उरलेली सागाची तुळई विकायची म्हणत होतात, ती विकू नका. मी पुढच्या शनिवारी सेलूला येतेय. सुताराला बोलवून तिची फळी काढू आणि पूर्वेच्या खिडकीवर, सकाळचं ऊन येतं तिथं, ठकीसाठी ठोकून घेऊ.

तुमची लेक