टीकॅसचा आदेश आणि कंट्रोलरचा शब्द

संपादक महोदय,

दोन विमाने हवेत धोकादायकरीत्या जवळ आल्याची बातमी आली की चूक वैमानिकाची की जमिनीवरून विमानांना सूचना देणाऱ्या कंट्रोलरची, यावरच तावातावाने बोलले जाते. टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा कॉकपिटमध्ये बोलू लागल्यावर वैमानिकाने काय करायचे असते, हा प्रश्न मात्र मागे पडतो. म्हणून हे पत्र.

'ट्रॅफिक, ट्रॅफिक' ही पहिली सूचना. तेवढ्यावर विमान हलवायचे नाही, फक्त सज्ज राहायचे. पुढचा 'क्लाइम्ब, क्लाइम्ब' किंवा 'डिसेंड, डिसेंड' हा मात्र आदेश असतो. तेव्हा हाताशी साधारण 15 ते 35 सेकंद असतात आणि वैमानिकाने 5 सेकंदांच्या आत प्रतिसाद द्यायला हवा.

त्याच क्षणी कंट्रोलरने उलट सांगितले तर? टीकॅसचेच ऐकायचे. दोन्ही विमानांतल्या यंत्रणा आपसात ठरवून एकाला वर आणि दुसऱ्याला खाली पाठवतात. वैमानिक 'टीकॅस आरए' (म्हणजे टीकॅसचा आदेश आला आहे) असे रेडिओवर कळवेपर्यंत कंट्रोलरला याचा बहुधा पत्ताही नसतो. कळल्यावर त्यानेही धोका टळेपर्यंत त्या विमानाला नवी सूचना द्यायची नसते.

31 जानेवारी 2001 रोजी जपानच्या आकाशात एका जम्बोला टीकॅस 'वर' म्हणत होते आणि कंट्रोलर 'खाली'. वैमानिकाने कंट्रोलरचे ऐकले. समोरच्या विमानाला टीकॅसने खालीच पाठवले होते. अगदी शेवटच्या क्षणी जम्बोने नाक आणखी खाली दाबले, टक्कर टळली, पण त्या झटक्याने सुमारे 100 जण जखमी झाले.

दीड वर्षाच्या आत, 1 जुलै 2002 रोजी, जर्मनीतल्या युबरलिंगनजवळ तेच घडले. रशियन टुपोलेव्हला कंट्रोलरने खाली यायला सांगितले, टीकॅसने वर जायला. 'हे वर जा म्हणतंय' असे सहवैमानिक म्हणालाही, तरी विमान खालीच येत राहिले. समोरचे मालवाहू बोइंग टीकॅसचे ऐकून खाली येत होते. दोन्ही विमाने धडकली. 71 माणसे गेली, त्यांत बरीच शाळकरी मुले होती. हे सारे खापर त्या वैमानिकांवर फोडणे मला अन्यायाचे वाटते, कारण तेव्हाचे नियमच पुरेसे स्पष्ट नव्हते. टीकॅसच्या आदेशाविरुद्ध कधीही जायचे नाही, हे आंतरराष्ट्रीय नियमांत त्यानंतर ठामपणे लिहिले गेले. अपवाद मोजकेच: स्टॉलचा (पंखांची उचल सुटत असल्याचा) किंवा जमीन जवळ आल्याचा इशारा असेल तर तो आधी.

'मला ते विमान दिसतंय' हे कारणही चालत नाही. दिसणारे विमान भलतेच असू शकते. प्रतिसाद यंत्रणा दाखवेल तेवढाच द्यावा. जास्त उसळी घेतली तर वरच्या किंवा खालच्या तिसऱ्या विमानाच्या वाटेत जाण्याची भीती.

माझी मागणी एवढीच आहे: सिम्युलेटरवरच्या प्रत्येक सरावात प्रशिक्षकाने कंट्रोलरच्या आवाजात मुद्दाम उलटी सूचना द्यावी, आणि खऱ्या उड्डाणात आदेश पाळून ठरलेली उंची सोडणाऱ्या वैमानिकाला नंतर कोणीही जाब विचारू नये.

– एक निवृत्त वैमानिक